कलमआत्या आणि पाण्याखालचं कुरण

माझ्या आत्याला घरात सगळे कलमआत्या म्हणायचे. किनारा खात्यात ती नियमांचे मसुदे लिहायची, आणि ती सवय तिच्या जिभेलाही लागली होती. "कलम एक, ओल्या पायांनी आत यायचं नाही. कलम दोन, आलात तर फरशी पुसायची." हे बाबांसाठी असायचं. घरात ओल्या पायांनी येणारा माणूस तेवढा एकच होता.

बाबा पाणबुडे होते. बंदरात बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर सोडवायचे, बोटींच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडायचे. अंगाने दरवाजाएवढे, पण आत्याचे धाकटे भाऊ, म्हणून ती त्यांना छोट्याच म्हणायची.

आत्याचं लग्न झालं नव्हतं आणि त्याची खंत तिला असावी असं कधी वाटलं नाही. तिची खंत असलीच तर एवढीच, की कचेरीच्या खिडकीतून समुद्र नीट दिसत नाही. तिच्या टेबलासमोरची खिडकी दोन गोदामांच्या मधल्या फटीत उघडायची. त्या फटीत पाण्याची एक निळसर पट्टी. काचेवर खाऱ्या हवेचा थर बसलेला असायचा, त्यामुळे ती पट्टी कधी पाणी वाटायची, कधी धूर, कधी नुसताच डोळ्यांना आलेला शीण. आत्या लिहिता लिहिता थांबायची आणि तिकडे बघत राहायची. शिपाई चहा ठेवून जायचा, तो गार होऊन जायचा.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "ताई, खाडीच्या तळाशी गवत आहे, माहितीये? वरून काही कळत नाही. खाली उतरलं की सगळं कुरणच. वारा नाही, काही नाही, तरी डोलत असतं. बारकी मासळी तिथेच वाढते."

"मग बिघडलं कुठे?"

"टकलं पडायला लागलीत. गोल गोल. जिथे बोटी उभ्या असतात तिथे."

आत्याने घास हातातच ठेवला. त्या गवताने तिच्या मनात जे घर केलं, ते कायमचं.

दुसऱ्या दिवसापासून ती ते गवत कुणाचं आहे हे शोधायला लागली. तिचं खातं भरतीच्या रेघेपाशी संपायचं. पाण्यातले मासे मत्स्य खात्याकडे, पाण्यावरच्या बोटी बंदर खात्याकडे. तळाशी उगवलेल्या गवताला वाली नव्हता. मत्स्य खात्यातले साहेब म्हणाले, आम्ही फक्त पोहणाऱ्या गोष्टी बघतो. बंदर खात्यातले म्हणाले, आम्ही तरंगणाऱ्या. एकाने तर तिला अगदी मनापासून कृषी खात्यात जाऊन बघा असं सांगितलं. घरी येऊन तिने ते सांगितलं तेव्हा बाबांना हसताना ठसका लागला.

आत्या मात्र हसली नाही. कुणीच वाली नाही तर आपणच, म्हणून तिने मसुदा लिहिला. खाडीत कुठल्याही बोटीने नांगर टाकू नये. नेमका, गोळीबंद. वरिष्ठांना आवडला, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठरली.

सभेत बोटवाल्यांचा म्होरक्या उठला. त्याला सगळे मिशीवाले म्हणत. "बाई," तो शांतपणे म्हणाला, "वारा फिरला की आम्हाला आसरा म्हणून ही एकच खाडी. मग बोट काय खिशात घालून घरी नेऊ?"

सभा खो खो हसली. मग हसू ओसरलं आणि आरडाओरडा सुरू झाला. मिशीवाल्याचं म्हणणं खरं होतं, आणि आत्याच्या मसुद्यात त्याला उत्तर नव्हतं.

त्यानंतर बोटवाल्यांनी बाबांना बोलावणंच बंद केलं. बहिणीच्या मसुद्याची खबर भावानेच दिली असणार, असं त्यांनी धरलं, आणि ते काही चूक नव्हतं. खरवडायला बोटी मिळेनात म्हणून बाबांनी घरातली भांडी हातात घेतली. आमच्या कढया आरशासारख्या चकाकायला लागल्या. आई म्हणाली, "आता बस करा, भोकं पडतील."

आत्याला ते बघवेना. "छोट्या, माझ्यामुळे तुझं काम गेलं. मागे घेते मसुदा."

"तू खोटं नाही लिहिलंस, ताई," बाबा कढई पालथी घालत म्हणाले. "पण न बघता लिहिलंस. चल माझ्याबरोबर."

"मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? नुसती तरंग."

तर केसांत पांढरं आलेली, गुडघे दुखणारी आमची आत्या एका सकाळी ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरली. डोळ्यांवर मोठी काच, तोंडात श्वासाची नळी. बाबांनी तिचा हात धरला होता. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. पाणी छातीला लागलं तेव्हा ती वळून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, पण नळीतून फक्त बुडबुड ऐकू आली. मग तिने डोकं खाली घातलं, पाय सुटले, आणि ती हलकी झाली.

खाली जे दिसलं ते तिने पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी तिचा आवाज तसाच खाली यायचा. आधी काहीच नव्हतं, नुसता हिरवा उजेड. मग तो उजेड हलायला लागला आणि त्याची पाती झाली. लांब, मऊ पाती, सगळी एकाच बाजूला कललेली, मग सगळी दुसऱ्या बाजूला, जणू खाली कुणीतरी झोपलंय आणि त्याच्या श्वासाबरोबर ती वर-खाली होतायत. नखाएवढे मासे पात्यांना टेकून उभे होते. आपण त्यांच्यावरून ढगासारख्या सरकतोय, असं तिला वाटलं. आपली सावली त्यांच्यावरून जातेय. गुडघे कुठेच नव्हते. खातं नव्हतं, खिडकी नव्हती. फक्त स्वतःचा श्वास, दूरच्या खोलीतून यावा तसा.

आणि मग कुरण संपलं. खाली गोल, पांढरी, उघडी वाळू. वर एक बोट उभी होती. तिचा नांगर मधोमध रुतून गप्प पडला होता. पण त्याची साखळी तळावर सैल लोळत होती. प्रवाहाने बोट जराशी फिरली की साखळीही फिरायची, हळूच, अंगण झाडल्यासारखी. पात्यांची शेवटची रांग तिच्याखाली वाकली आणि उपटून वर आली. एक पातं आत्याच्या काचेवरून गेलं.

काठावर आल्यावर तिने टॉवेल गुंडाळून घेतला. ओठ निळे पडले होते. म्हणाली, "छोट्या, नांगर नाही रे. साखळी."

"मला वाटलं, ते तुला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "आम्हाला ते इतकं रोजचं, की सांगायचं सुचलंच नाही."

नवा मसुदा तिने एकटीने लिहिला नाही. ती मिशीवाल्याकडे गेली, बाबांना घेऊन. बोटी खाडीतच राहतील, पण नांगर टाकायचा नाही. तळात पक्का खिळा पिळून बसवायचा, त्याला ताणला जाणारा दोर, वर तरंगता गोळा. बोट गोळ्याला बांधायची. दोर पाण्यात ताठ उभा राहील, तळाला शिवणार नाही.

"वादळात तुटला तर?" मिशीवाल्याने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," आत्या म्हणाली.

"मग आधी माझीच बोट बांधा," तो म्हणाला. "सुटली तर ती तुमच्या दारात आणून उभी करीन."

खिळा बाबांनीच बसवला. वारा फिरला तो एका दुपारी, आणि असा फिरला की कौलं उडाली. मिशीवाला आणि आत्या धक्क्यावर शेजारी शेजारी उभे होते, दोघंही नखशिखान्त भिजलेले. बोट उसळत होती, गोळा बुडत होता, पुन्हा वर येत होता. वारा पडला तेव्हा बोट जागेवरच होती. मिशीवाल्याने आपला रेनकोट आत्याच्या खांद्यावर टाकला, तोही ओलाचिंब.

तिन्ही खाती एका टेबलाशी बसायला आणखी बराच काळ गेला. आत्याने त्यांना आणि बोटवाल्यांना मिळून खाडीची एक समिती करायला लावली. तळ सगळ्यांचा, असं पहिलंच वाक्य. पण नियम आला तो अर्ध्याच खाडीला. बाहेरच्या बाजूला मोठी जहाजं थांबायची, आणि तिथे बंदर खातं हटून बसलं ते बसलंच. आत्याला ते लागलं. कित्येक दिवस ती कलमं बोलली नाही, फरशी आपोआप ओली राहिली. बाबांना मात्र पुन्हा बोलावणी यायला लागली.

गवत फार सावकाश येतं. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग बाबा सांगायला लागले की वाळूच्या कडेला एक धागा आत सरकलाय, त्याला दोन पाती फुटलीत.

आत्या आता निवृत्त आहे. ओहोटी बघून एकटीच खाडीवर जाते आणि पाण्यावर पालथी पडून राहते. पोहणं तिला अजून येत नाही. मागे फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी तिला तशी पाहिली आणि बिचारे बुटांसकट पाण्यात धावले. त्यांनी तिचा दंड धरून ओढला तेव्हा तिने डोकं वर काढलं, नळी बाजूला केली आणि अगदी हळू, झोपलेलं कुणी जागं होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "अहो, पाय उचला. गवतावर उभे आहात."