मन्हाघाई नही व्हयनं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दिलीपजवळ तर नाहीच नाही. आणि गंमत बघा, बोलण्यावरच माझं पोट आहे. नंदुरबारात कपड्यांचा सेल लागला, सर्कस आली, नळाला दोन दिवस पाणी येणार नसलं, की रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरतो तो मीच. एवढी एक गोष्ट मात्र घशातून वर येत नाही. जरा आडवळणानं सांगतो, सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

कार्टूनपासून सुरू करतो, कारण तिथूनच हे सुरू झालं. हसू येत असेल तर हसा. मीही त्या काळात फार हसलो.

दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे आजोबा राजस्थानातून इथे आले, कापडाचं दुकान थाटलं. दिलीपनं त्याच जागेत मोबाइल दुरुस्ती सुरू केली. घरी मारवाडी बोलतो, काउंटरवर माझ्यापेक्षा अस्सल अहिराणी. दुकानामागे एक खोली आहे. तिच्या भिंतींना त्याच्या आईच्या रजया टांगायच्या, पंखा बंद करायचा, आणि भर दुपारी घामानं निथळत आम्ही परदेशी कार्टूनला अहिराणी आवाज द्यायचो. कॉम्प्युटर त्याचा, आवाज माझे, ओळीही माझ्याच. दोन-दोन मिनिटांचे तुकडे. खानदेशात लोक ते एकमेकांना पाठवायचे आणि पोट धरून हसायचे.

त्यातली एक मालिका आम्हाला फार लाभली. अंतराळातलं युद्ध. लढणारे सगळे सैनिक एकाच साच्यातून काढलेले — एकच चेहरा, एकच आवाज, नाव म्हणून नुसता नंबर. विनोदाला आणखी काय हवं? चेहरा एक आणि बोलणारी माणसं वेगळी. एकाला मी आमच्या दूधवाल्याचा आवाज दिला, एकाला मुख्याध्यापकांचा, एकाला माझ्या मामीचा. मामी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पण खरं सांगू? ती मालिका विनोदी नव्हतीच. मी ती सबंध पाहिली होती, हे दिलीपलाही माहीत नाही. भाग पुढे सरकतात तशी ती एका साच्यातली माणसं हळूहळू निरनिराळी व्हायला लागतात. एक जेवताना कडेचं आधी खातो. एक झोपताना बूट काढत नाही. एक हुकूम ऐकून लगेच हलत नाही, एक श्वास थांबतो — तेवढ्यावरून तो बाकीच्यांहून वेगळा. मला हे कळत होतं. अडाणीपणानं केलं असतं तर निदान — जाऊ द्या. कळत होतं.

आता ईश्वर.

ईश्वर आमच्या गल्लीतला, लहानपणापासून माझ्याबरोबर वाढलेला. निमलष्करी दलात भरती झाला, लांबच्या राज्यातल्या जंगलात त्याची नेमणूक होती. बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय, आणि वाक्याच्या शेवटी लांबवलेलं ‘भो’, म्हणजे भाऊ. त्याची नक्कल मी चौथीपासून करतो. त्याच्यासमोर करायचो, तोही हसायचा.

एका सुट्टीत तो आला तेव्हा त्याचा थोरला भाऊ गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर देखरेखीला होता. भावाचा डबा द्यायला आम्ही दोघं गेलो. एवढ्या मोठ्या पटांगणात लाल मिरची वाळत पडलेली, नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहता येत नाही. भाऊ जेवायला बसला आणि आम्ही दोघं कडेला, पोत्यांच्या सावलीत. तिथं त्यानं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

सकाळची गस्त होती. ओढ्यातून एक माणूस उठून पळाला. बाई की बाप्या, कळलं नाही. वरून हुकूम आला — मार. ईश्वरच्या नेमात ती पाठ बरोबर आली होती. पण पळणाऱ्यानं चपला काढून हातात धरल्या होत्या. ओल्या होऊ नयेत म्हणून असेल, तुटू नयेत म्हणून असेल. ईश्वर त्या चपलांकडे बघत राहिला आणि माणूस झाडीत गेला. साहेबांना त्यानं सांगितलं, बंदूक अडकली. तीन दिवसांनी त्याच बाजूनं गोळीबार झाला आणि त्याच्या बाजूच्या खाटेवरच्या सोबत्याचा पाय गेला. पळाला तोच होता का गोळी घालणारा? की नुसता मोहाची फुलं वेचायला आलेला कुणी? ईश्वरला माहीत नव्हतं. मला काय माहीत असणार?

त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, “मन्हाघाई नही व्हयनं, भो.”

म्हणजे, माझ्याकडून झालं नाही. त्याचे डोळे लाल होते, नाकातून पाणी येत होतं. माझंही येत होतं. मिरचीचं काय नि बाकीचं काय, तिथं वेगळं करता येत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुठे बोलू नको म्हणाला नाही. म्हणायची गरज आहे असं त्याला वाटलंच नसेल.

तो परत गेला आणि पंधरा दिवसांत मालिकेचा एक भाग आमच्या हाती लागला. काय असावं त्यात? तो एक श्वास थांबणारा सैनिक खडकावर उभा. समोरून कुणीतरी पळतंय. हुकूम येतो. सैनिक हत्यार उचलतो — आणि खाली घेतो. अकरा सेकंद काही नाही. संगीत नाही, शब्द नाही. टोपाच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरते आणि जाते, बस. त्यानं बरोबर केलं की चूक, हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. पुढे त्या पळून गेलेल्यामुळे त्याचे सोबती मरतात, आणि त्याच्याचमुळे एक अख्खं गाव वाचतं. दोन्ही होतं.

त्या अकरा सेकंदांत मी काय घातलं, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

खाकरणं घातलं. लांबवलेलं ‘भो’ घातलं. आणि मधे ती ओळ, जराशी रडवेली, जराशी नाकातून. दिलीप खुर्चीवरून पडायचा बाकी होता. “कथाईन काढं रे हाई?” त्यानं विचारलं, कुठून काढलंस म्हणून. मी म्हटलं, अशीच सुचली. का केलं? कारण ओळ चालणार हे मला कळलं होतं. दुसरं काही कारण मी शोधलं, मिळालं नाही.

चालली. अशी चालली की काही विचारू नका. क्रिकेटमध्ये दांडी उडाली की पोरं म्हणायची. भाजीवाली सुटे नसले की म्हणायची. रिक्षातून जाताना कुणाच्या तरी खिशात फोन वाजायचा आणि ईश्वर खाकरायचा. मला तेव्हा काय वाटायचं, सांगू? अभिमान.

मग एका दुपारी ईश्वरचा फोन आला. बराकीत जळगावकडचा एक जण होता, त्याच्या फोनवर ती क्लिप आली होती. त्यानं सगळ्यांना लावून दाखवली, अर्थ हिंदीत सांगितला, आणि मग तो ईश्वरकडे बघायला लागला. मग बाकीचेही. बंदूक अडकली होती हे त्यांनी ऐकलं होतं, मानलंही होतं. त्या दिवसापर्यंत.

“ते तुन्हं शे का रे?” एवढंच त्यानं विचारलं. तुझं आहे का?

मी दुकानाच्या दारात उभा होतो. आत दिलीप भिंग डोळ्याला लावून कुणाच्या तरी फोनचा चार्जिंगची पिन बसवत होता. मी रस्त्यावर आलो, आवाज खाली घेतला आणि म्हणालो, “मन्हाघाई नही व्हयनं ते. दिलीपनी लिखं.”

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. आमच्या बोलीत ‘मला जमलं नाही’ आणि ‘मी केलं नाही’ याला हेच शब्द आहेत. तेच तीन शब्द. त्यानं खरं सांगताना वापरले होते, मी खोटं सांगताना.

“आनि आवाज?”

“मशीनवर करेल शे.” मशीनवर केलाय म्हणून.

 मला गप्प बसवत नाही, हा माझा धंदाच. मी बोलत सुटलो — ही ओळ काय, सगळा खानदेश म्हणतो, योगायोग असतो, दिलीपला काय माहीत, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. विश्वास बसला होता का त्याचा? की बसवून घेतला? मित्र म्हणून कुणीतरी शिल्लक हवा असेल त्याला.

वर्षाच्या आत त्याचं लग्न झालं, विसरवाडीकडची मुलगी. गल्लीत सगळ्यांना पत्रिका गेली, दिलीपला नाही. तो माझ्याकडे आला आणि कसंनुसं हसत म्हणाला, “मन्हं काय चुकनं रे?” मी म्हटलं, गडबडीत राहून गेलं असेल, मनावर नको घेऊ. दिलीपनं त्या लग्नाला आहेर माझ्या हातून पाठवला. मी तो दिला, पण कुणाचा ते सांगितलं नाही.

वरातीत माईक माझ्या हातात. ईश्वर घोड्यावर चढताना रिकिबीत पाय अडकला, आणि मागून कुणीतरी पोरगं खाकरून ओरडलं — मन्हाघाई नही व्हयनं, भोऽ! अख्खी वरात हसली. बँडवाले हसले. ईश्वरही हसला, आणि हसता हसता त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी बोलता आलं असतं, नाही का? माईकवर नाही, पण खाली उतरून, बाजूला घेऊन. मी बँडला खूण केली, पुढचं गाणं वाजवा.

आता शेवटचं. 

गेल्या हिवाळ्यात मी विसरवाडीला साड्यांच्या सेलची जाहिरात करत होतो. बाजाराचा दिवस, हायवेला ट्रकची रांग. एसटीच्या थांब्यावर ईश्वर दिसला. सासरी आला होता, परत निघाला होता. मी भोंगा बंद केला, आम्ही टपरीवर चहा घेतला. तो जाड झाला होता. नीटनेटका, दाढी केलेला, सगळ्यांसारखा. खाकरत नव्हता. ते आधी माझ्या लक्षात आलं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला, “आते व्हयनं मन्हाघाई.” आता झालं.

मला कळलं. न कळल्यासारखं मी बघत राहिलो, तर त्यानं पुढचं सांगितलं. बराकीत ती ओळ दोन वर्षं चालली होती. बंदूक उचलली की कुणी ना कुणी म्हणायचं, जेवणाच्या रांगेतसुद्धा. परत तसाच हुकूम आला, तशीच एक पाठ समोर आली.

“पायमा चपला व्हत्या का नही, ते दखं नही मी,” तो म्हणाला. बघितलंच नाही. मग बशी खाली ठेवली. “आते कोनी नही म्हनत ती ओळ.”

कोण होता, मी विचारलं नाही. त्याला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पळणारा खरंच शत्रू असेल, ईश्वरनं चार सोबती वाचवलेही असतील — मला ठाऊक नाही, आणि तसं असावं असं मी स्वतःला रोज सांगतो, हेही सांगून टाकतो. बस आली. चढता चढता त्यानं विचारलं, “दिलीप काय करी ऱ्हायना?” मी म्हटलं, मजेत शे. तो म्हणाला, त्याला सांग, राग गेला माझा. मी मान डोलावली.

बस गेल्यावर मी रिक्षात बसलो, भोंगा चालू केला आणि साड्यांचे भाव ओरडत बाजारातून दोन फेऱ्या मारल्या.

दिलीपला मी अजून काही सांगितलेलं नाही. राग गेला हेही नाही, कारण राग होता हेच त्याला ठाऊक नाही. क्लिप काढून टाकली, पण ती हजारो फोनांत आहे, परवाच एसटीत ऐकली.

ओळ मी लिहिली, ईश्वर. आवाज माझा होता. दिलीपला यातलं काही माहीत नव्हतं. ते मन्हाघाई व्हयनं. आणि तुझ्याकडून जे झालं, तेसुद्धा.