चांदण्यांतला सोंडा

बारा-तेरा वर्षं झाली. छावणीच्या बाजारात नानासाहेबांच्या किराणा दुकानामागं एक भांडण झालं, ते बिल्किसनं दाराआडून ऐकलं. तिची आई जमिलाबी तिथं तीस वर्षं धान्य निवडत होती.

"ह्या तांदळात सोंडं हायेत, नानासाहेब, बघा की किडं कसं चालतायत. पोतं परत धाडा."

"मला तर एक दिसंना! जमिलाबी, डोळ्यांत जाळं आलंय तुमच्या. सूप ठेवा आता, घरी आराम करा."

"जाळं तुमच्या दुकानाला आलंय, ते झाडा आधी!"

बोलून मोकळी झाली खरी, पण घरी येऊन तिनं सुईत दोरा ओवून बघितला. चार वेळा. बिल्किस भाकरी थापता थापता बघत होती.

बिल्किस शाळेत मास्तरीण. तिथं मुलींना एक नवंच खूळ लागलेलं. लांबच्या देशातली दुर्बीण आभाळाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं चार फोटो काढायची, ते शाळेच्या कॉम्प्युटरवर यायचे, आणि एकामागून एक झरझर फिरवून बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरकला तो लघुग्रह, सूर्याभोवती फिरणारा दगड. तो हुडकायचा. आभाळ बघायचं, तेही भरदुपारी! एके दुपारी त्या खेपेचे शेवटचे फोटो होते. काही सापडंना, मुली हिरमुसल्या, विज्ञानाच्या रामकिसन सरांनी 'काही नाही' लिहायला घेतलं.

तेवढ्यात जमिलाबी लेकीचा डबा घेऊन आली. ठिपके नीट दिसावेत म्हणून फोटो उलटे केलेले: पांढरं आभाळ, काळ्या चांदण्या. तिला ते आभाळ वाटलंच नाही, तांदूळ वाटला.

"सोंडा हाय की!"

"कुठं, अम्मी?"

"ह्यो काय. बाकीचे खडे, गपगार बसलेत. ह्यो चालतोय."

सर हसले. "खाला, कॅमेऱ्यातली धूळ असंल ती."

"धूळ अशी मोजून पावलं टाकती व्हय, मास्तर?"

बिल्किसनं सरांच्या हातातला माऊसच काढून घेतला. चार फोटो, चार जागा, एका रेघेत, सारख्या अंतरावर. मुली अशा किंचाळल्या की मोठ्या बाई पळत आल्या.

जमिलाबीनं पदरानं डोळे टिपले. "जेव आधी, गार होतंय."

सरांनी दुर्बीणवाल्यांना कळवलं, महिन्यानं त्यांचं उत्तर आलं: नवा दिसतोय, पण पक्कं ठरायला वर्षं लागतील.

"लागू द्या," जमिलाबी म्हणाली. "मी कुठं पळतीय? पळतोय तर त्यो."

पुढं दर खेपेला कॉम्प्युटरसमोरची खुर्ची जमिलाबीची. कधी सापडायचा, बहुतेकदा नाही. वारली त्याच्या आदल्या दुपारीही ती डबा घेऊन गेली, चारी फोटो दोनदा फिरवून बघितले, म्हणाली, "लिहा मास्तर, आज माल साफ हाय," आणि वाटेत कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आली.