रातपाळीचं उत्तर

"ए, कापसाच्या डोक्याची! ऊठ!"

बाईंची ही हाक माझ्यासाठी होती. मी तिसरीत. वर्ग फिदीफिदी हसला. टेबलावर मी लावलेली चित्रं. एक माणूस उठतो, कामाला जातो, घरी येतो, झोपतो. त्यांवर सूर्य आणि चंद्र योग्य जागी ठेवायचे होते. मी कामाला निघालेल्या माणसावर चंद्र ठेवला होता. झोपलेल्यावर सूर्य.

"माणसं दिवसा झोपतात होय गं?"

हो, आमच्याकडे झोपायची. डिलाईल रोडला बौद्धांच्या चाळीत आमची एक खोली. बाबा गिरणीत रातपाळीला. सकाळी ते आले की आई खिडकीला जुनं लुगडं बांधून अंधार करायची. आम्ही भावंडं गॅलरीत. हसायचं तेही तोंड दाबून. जे रोज बघत होते तेच मी मांडलं होतं. पण असं का मांडलंस, हे मला कुणी विचारलंच नाही.

बाईंनी बाबांना बोलावलं. पाळी सुटल्यावर ते परस्पर शाळेत आले. केसांत कापूस तसाच.

"पोरगी हुशार आहे ओ बाई. घरी सगळं घडाघडा वाचते."

"मंद आहे ती. घरकामाला लावा. तुमच्यात शिक्षण मानवतं का कुणाला?"

बाबांनी हात जोडले. मी दारात उभी होते. त्यांचे ते जोडलेले हात आठवले की आजही जीव तुटतो. त्या दिवसापासून माझी जागा दाराजवळच्या चटईवर, 'मंद' ठरवलेल्या पोरांत. तिथून फळा दिसत नसे, आणि वाच म्हणून कुणी सांगत नसे.

मग संप झाला. बाबा घरी. खिडकीचं लुगडं आईनं सोडून घडी घालून ठेवलं. आता बाबा आमच्यासारखे रात्री आडवे व्हायचे, पण त्यांना झोप लागत नसे. आई दादरला धुण्याभांड्याला जाऊ लागली.

पुढच्या वर्षी चटईवरच्या पोरांना पुन्हा तीच चित्रं दिली. मी झोपलेल्या माणसावर चंद्र ठेवला. आता आमच्याकडेही तसंच होतं.

"आली बाई अक्कल एकदाची!" बाईंनी पाठ थोपटली आणि मला बाकावर बसवलं.

मी धावत घरी गेले. बाबांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा माझं उत्तर बरोबर आलं, हे त्यांना तेव्हाच कळलं. मला कळायला कितीतरी वर्षं लागली. गिरणी पुन्हा उघडली नाही. बाबाही फार जगले नाहीत.

आज मी शिक्षकांना शिकवते. शिकताना अडखळणारं मूल ओळखायचं कसं, त्याला वर्गाबाहेर न काढता हात द्यायचा कसा. प्राध्यापक म्हणतात मला. हाच विषय का घेतला, असं लोक विचारतात. मी हसून वेळ मारून नेते.

परवा आमच्या चाचणी केंद्रात घोडपदेवची, आमच्याच गिरण्यांच्या भागातली, एक मुलगी आली. समोर तसलीच चित्रं. तिनं कामाला निघालेल्या बाईवर चंद्र ठेवला.

"चूक. शून्य द्या," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "विशेष शाळेतच पाठवावं लागेल हिला."

मी मुलीला विचारलं, "असं का गं ठेवलंस?"

"मम्मी हॉस्पिटलात आया आहे ना. नाईटला जाते. मी शाळेत निघते तेव्हा झोपते ती."

"ऐकलंत ना, मॅडम? उत्तर बरोबर आहे."

"निकष सगळ्यांना सारखेच असतात. तुम्ही त्याच भागातल्या, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

त्याच भागातली. इतकी वर्षं शिकून, शिकवून, मी अजून त्यांच्या लेखी चटईवरच होते. डोळे भरून आले. पुसले नाहीत.

"शून्य मी देणार नाही."

"दुसरं कुणी देईल."

देईलही. मग मी त्या मुलीच्या आईला घेऊन येईन. पाळी सुटल्यावर, झोपेनं जडावलेल्या डोळ्यांनी ती याच टेबलासमोर उभी राहील. तिच्या शेजारी मी. आणि आमच्या दोघींतलं कुणीही हात जोडणार नाही.