पाठ झालेला तक्ता

९ जून, सोमवार. डॉक्टर यायच्या आत मी डोळे तपासायचा तक्ता पुसायला घेतला होता. लालबागच्या आमच्या दवाखान्यात हा तक्ता बाकड्यासमोर टांगलेला आहे, मी कामाला लागले त्याच्याही आधीपासून. येणारीजाणारी पोरं त्याला हात लावतात. ओल्या फडक्याने डाग निघेना म्हणून स्पिरिट घेतलं, जरा जोर लावला, आणि खालून दुसऱ्या ओळीतला 'ट' साफ निघून गेला. तिथे नुसता पांढरा चट्टा उरला. मार्करने काढून टाकू म्हटलं, तोवर पेशंट यायला लागले आणि ते राहून गेलं.

नाव घालणं, गोळ्या देणं, बीपी मोजणं, कॉम्प्युटर, सगळं मीच बघते. गेल्या काही वर्षांत त्यात लायसनवाल्यांची भर पडली आहे. पूर्वी लायसनचं मेडिकल म्हणजे एक कागद होता. कुठेतरी टेबल टाकून बसलेला माणूस तोंडाकडे न बघता शिक्का मारून द्यायचा. आता नियम बदलला. डॉक्टरने स्वतःच्या लॉगिनमधून तपासणी भरायची, माणसाचा फोटो चढवायचा, डॉक्टरच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकला की प्रमाणपत्र थेट आरटीओत. शेवटी दोनच बटणं असतात. पात्र आणि अपात्र. चाळिशी उलटलेल्यांना हे लागतं, आणि धंद्याची गाडी चालवणाऱ्याला कुठल्याही वयात. त्यामुळे टॅक्सीवाले, टेंपोवाले आमच्याकडे रांग लावतात. डॉक्टर नाडी, बीपी, साखर बघतात. तक्ता मी वाचून घेते. तसं ठरवून झालं नाही, गर्दीत पडत गेलं.

अकराच्या सुमाराला माझा दीर आला. तो शाळेची व्हॅन चालवतो. गाडीत बारा पोरं असतात, चिंचपोकळीपासून दादरपर्यंतची. लायसन त्याच शनिवारी संपत होतं आणि शाळा पुढच्या सोमवारी उघडणार होती.

"वहिनी, घरचा माणूस आहे, पटकन सोड," तो म्हणाला. "आणि वजन कमी लिही. ही जेवण बंद करेल."

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, बीपी बघितलं, साखरेवरून नेहमीचं बोलले आणि बाहेर पाठवलं. मी त्याला दारापाशी स्टुलावर बसवलं, डावा डोळा झाकायला सांगितलं. वरच्या ओळी धडाधड वाचल्या त्याने, तेवढ्यावरच मी पुरे म्हटलं. मग उजवा झाकायला सांगितला. तेही धडाधड. खालून दुसरी ओळ आली. "ग, ट, स, ल," तो म्हणाला.

मी तक्त्याकडे बघितलं. चट्टा तसाच होता.

खरं म्हणजे यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. हा तक्ता निम्म्या लालबागला पाठ आहे. ताप आला, खोकला झाला की माणसं तासतास त्याच्यासमोर बसतात. मलाही तो झोपेत म्हणता येईल. पण चांगला डोळा असता तर तो चट्ट्यापाशी अडखळला असता. निदान "वहिनी, इथलं कुठे गेलं?" असं विचारलं असतं.

"उजवा झाकूनच ठेव," मी म्हटलं आणि कपाटावरचं एक खोकं उचलून धरलं. "ह्याच्यावर काय लिहिलंय?"

"गोळ्या आहेत."

"गोळ्यांचं खोकं आहे हे आंधळ्यालाही कळेल. लिहिलंय काय?"

तो हसला. मग हसला नाही. "उजेड पडतोय त्याच्यावर."

मी खोकं सावलीत आणलं. मग दोन पावलं जवळ गेले. आणखी दोन. हातभरावर आल्यावर त्याने नाव वाचलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून जरा धूसर वाटतंय. उजवा एकदम ओके आहे गं. एका डोळ्याने काय गाडी चालत नाही?"

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "ताई, झालं का? ओटीपी आलाय, सांगू?"

"थांबा डॉक्टर, सर्व्हर गेलाय," मी म्हणाले. सर्व्हर चालू होता. पान समोर उघडं होतं. इतक्या वर्षांत डॉक्टरांशी मी खोटं बोलले नव्हते, आणि ते किती सहज निघालं याचाच मला राग आला.

दिराला म्हटलं, संध्याकाळी घरी बोलू. तो गेला.

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. एका पेशंटचं बीपी दुसऱ्याच्या केसपेपरवर लिहिलं, एकीला सकाळची गोळी रात्रीची म्हणून सांगितली आणि तिला जिन्यावरून परत बोलवावं लागलं. मला एप्रिलमधला व्हॅनचा तुटलेला आरसा आठवत होता. गल्ली अरुंद, म्हणून सोडून दिलं होतं. तो डावीकडचा आरसा होता. मुलं गाडीतून उतरतात तीही डावीकडेच.

आणि जाऊ आठवत होती. शाळेच्या गाडीत बाई हवी असा नियम आहे, म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. बाईने मागे मुलांजवळ बसायचं असतं. माझी जाऊ पुढे बसते. एकदा मी त्यांच्याबरोबर परळपर्यंत गेले होते तेव्हा तिचं सारखं चालू होतं, "बाइक आली, थांबा. हातगाडी आहे. आता घ्या." किती ही नवऱ्याला सूचना देते, असं मला वाटलं होतं. ती सूचना देत नव्हती. ती त्याचा डावा डोळा झाली होती.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. आमच्याच चाळीत, एक मजला वर. जाऊ भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"या, आरटीओ साहेब," ती म्हणाली. "बसा."

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत असायला काय झालं? मी असते ना बाजूला. आजवर एका पोराला खरचटलं नाही."

"तुला ताप आला तर?"

"मला ताप येत नाही. यायला वेळ कुठाय?"

दीर खाटेवर बसला होता. "वहिनी, आठवड्यावर शाळा आलीये. गाडी आली नाही तर आया दुसरी व्हॅन लावतील. एकदा गेलेलं पोर वर्षभर परत येत नाही. तू एक बटण दाब, मी दिवाळीच्या सुट्टीत डोळा करून घेतो. शब्द देतो."

"डोळा आधी कर."

"मग परळला दुसरे डॉक्टर बघतो. लालबागात तू एकटीच आहेस काय?"

"बघ," मी म्हणाले आणि खाली आले. पायऱ्या उतरताना कळलं की हे मी म्हणायला नको होतं. दुसरीकडेही असाच एखादा तक्ता असणार आणि असंच कुणीतरी घाईत असणार. मी नुसतं हात झटकून मोकळी होणार.

नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "सही डॉक्टरची जाते. तू मध्ये कशाला पडतेस? माझा भाऊ आहे तो." मग आवाज पुन्हा वाढवला. मी धुतलेले डबे पुन्हा धुतले.

पूर्वीच्या कागदाचं बरं होतं, असं एकदा मनात आलं. कागद कोरा ठेवता यायचा, घरात समजूत घालून आठ-पंधरा दिवस काढता यायचे. बटणाला तशी सोय नाही. आणि तो कागद ज्यांच्यासाठी कोरा ठेवला असेल, त्यांच्या गाडीखाली कोण आलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. डॉक्टर आले, त्यांना खुर्चीवर टेकू दिलं आणि सांगितलं, "काल सर्व्हर चालू होता. त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. त्याने तक्ता पाठ म्हणून दाखवला."

"डोळे मीच बघायला हवे होते," ते म्हणाले. "कालची तपासणी धरून भरायचं तर अपात्रच भरावं लागेल. मग तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तरी रेकॉर्डला दिसेल. ताई, घरचा माणूस आहे. मी भरू का?"

"नको. ओटीपी सांगा."

त्यांनी सांगितला. मी आकडे टाकले, बटण दाबलं. तो दुसऱ्या डॉक्टरकडे निघायच्या आत त्याला फोन लावला. "अपात्र भरलंय. मीच भरलंय. गुरुवारी परळला डोळ्यांच्या ओपीडीत ये, मी सुट्टी घेतली आहे." त्याने फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला. बराच वेळ वाजला. या वेळी जावेने उचलला. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "रक्त काढणार असतील तर त्यांनी उपाशी यायचं काय?"

"नाही, खाऊन या," मी म्हणाले. "आणि सातला या. रांग लांब असते."