खिडक्या काळ्या करणारे फोटोकाका

फोटोकाकांचा कुणावर भरोसा नव्हता आणि लातुरात त्यांच्यावरही फारसा कुणाचा नव्हता. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, घरात एकटे. क्लाससाठी मी हिमायतनगरहून आले, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. शेजारच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "जपून राहा गं. नाव रेल्वेच्या फोटोंचं, अन् पोरींचे फोटो काढायलाय म्हातारा."

काका रोज दिवेलागणीला कॅमेरा घेऊन रुळांकडे जात. स्टेशनवर पोलिसांनीही त्यांना हटकलं होतं. ते मुकाट्याने फोटो दाखवत. निळसर आभाळ, लांबलचक काळी गाडी, पिवळ्या खिडक्या. म्हणायचे, "दुपारी सगळंच नटलेलं असतंय. उजेड जाताना गाडी खरी दिसती."

माझा संशय मात्र वाढतच गेला. एकदा पाण्याची मोटार चालू करायला सांगावं म्हणून खाली गेले. दार उघडंच होतं. कॉम्प्युटरवर फोटोतल्या गाडीची एक खिडकी मोठी करून ठेवलेली, आणि तिच्यात माझ्याच वयाची, दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी.

"कोण ही?" मी दारातूनच विचारलं.

"मला काय ठाऊक?" काकांनी माउस फिरवला. मुलीचा चेहरा हळूहळू काळवंडला, नुसती सावली उरली. मग त्यांनी पुढची खिडकी घेतली. "चेहरे मिटवायलोय. मला गाडी पायजे, माणसं न्हाई."

"इतक्या अंधारात कोण ओळखणार आहे?"

स्क्रीनवरची नजर न काढता काका म्हणाले, "भूकंपात धाकटा भाऊ गेला. माय ढिगाऱ्यावर बसून रडायली होती, डोईवर पदर न्हाई. कुणीतरी फोटो काढला, मदतीच्या पोस्टरवर छापला. औशाच्या बाजारात भिंतीभिंतीवर लागला. माय मरेपर्यंत त्या बाजारात गेली न्हाई."

खोली बदलायची म्हणून बाबांना फोन करायचं मी मनाशी ठरवलं होतं. तो केला नाही.

पुढे मला नांदेडला प्रवेश मिळाला. काका गाडीवर सोडायला आले. खिडकीत बसल्यावर मला रडू आवरेना. त्यांनी गळ्यातला कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, "काढू का, पोरी?"

मी मानेनेच नको म्हटलं.

त्यांनी भिंगावर झाकण बसवलं, गजांना धरून उभे राहिले आणि गाडी हलेपर्यंत बजावत राहिले, "पाणी उकळून पी. मेसवाल्यावर भरोसा ठेवू नको. अन् खुशाली कळव, न्हाई तर मला काहीबाही वाटत राहतंय."