रामोजीरावांचं इंजिन आणि आम्ही संशयित

चार माणसं एकत्र येऊन हातभर लांबीची छोटी विमानं उडवायला लागली की विमानं कमी उडतात आणि किस्से जास्त साठतात. साठच्या दशकात मी पुण्याहून मद्रासला नोकरीला गेलो आणि गिंडीच्या एका कारखान्यात चिकटलो. तिथेच आमचा हा उद्योग सुरू झाला. क्लब म्हणायचं, पण होते मोजके लोक, एक लोखंडी कपाट आणि भरपूर संशय!

संशयाचे मुख्य मालक रामोजीराव. तंजावरकडचे मराठी, एका ऑफिसात ड्राफ्ट्समन, वयाने आमच्याहून मोठे. त्यांच्या मेव्हण्याने सिंगापूरहून मुठीत मावेल एवढं इंजिन आणून दिलं होतं. तसलं इथे विकत मिळतच नव्हतं. "हें गेलें की माझें विमान उडवणें खलास," असं ते दर रविवारी बजावायचे. बजावताना बघायचे मात्र माझ्याकडे. "तुमी पुण्याकडचे लोक फार गोड बोलतां. मला भ्या वाटतें!"

*

त्या इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिश्रण लागायचं. एकदा मी आणि रामोजीराव ईथर आणायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणाला बेशुद्ध करायचंय?"

रामोजीराव म्हणाले, "कोणाला नाही. विमानाला पाजायचें!"

दुकानदाराने बाटली परत फळीवर ठेवली. मग रामोजीरावच मला बाहेर घेऊन आले आणि कानात म्हणाले, "इतके प्रश्न विचारतों म्हणजे हा ईथरांत पाणी घालीत असणार." त्यानंतर आम्ही दुकान बदललं.

*

एका रविवारी त्यांचं विमान जमीन सोडेना. इंजिन जोरात ओरडतंय, विमान मैदानभर पळतंय, पण उठायचं नाव नाही. "तेलांत कोण तरी कायतरी मिसळलें!" रामोजीरावांनी जाहीर केलं आणि आमच्या सगळ्यांच्या बाटल्या हुंगून पाहिल्या.

शेवटी कृष्णनने पंखा निरखला. हा कृष्णन आमचा सेक्रेटरी, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. पंखा उलटा बसवला होता, मागची बाजू पुढे!

"सार, हा उलटा कसा बसला?"

"बसला नाही, मी बसवलों," रामोजीराव शांतपणे म्हणाले. "पंख्यावर साइजचे आकडे असतात ना? तुमी वाचून कॉपी कराल म्हणून आंत वळवलों!"

*

पुढे कृष्णनने त्यांना नवं विमान बांधून दिलं आणि इंजिनही बसवून दिलं. रामोजीरावांनी फूटपट्टी लावली. इंजिनाचं नाक किंचित उजवीकडे, किंचित खाली!

"वाकडें बसवलां!"

"मुद्दाम बसवलंय सार. पंखा फिरला की विमान डावीकडे ओढतं, म्हणून."

"मुद्दाम! स्वतःच्या तोंडाने कबूल केला, बगा!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांनी घरी नेऊन इंजिन अगदी सरळ केलं. पुढच्या रविवारी विमान डावीकडे वळत वळत नेमकं कृष्णनच्या सायकलवर जाऊन आदळलं. इंजिन वाचलं, सायकलचा दिवा फुटला. आता कृष्णनलाच संशय, की हे मुद्दाम केलं!

*

रेडिओची पेटी आली तेव्हा मात्र संशय घ्यायला पोलीस आला. एरियल उंच केलेली ती पेटी पाहून शिपाई धावतच मैदानात शिरला. "कुणाशी बोलताय?"

"बोलत नाही. बटण दाबलें की विमानाची शेपटी वळते," रामोजीराव म्हणाले.

शिपायाने पेटीला बराच वेळ कान लावला. "आवाज येत नाही."

"येतच नाही."

"म्हणजे गुपित बोलणं!" असं म्हणून तो वही काढणार, तेवढ्यात रामोजीरावांनी विचारलं, "तुमी खरे पोलीस कशावरून?" रेडिओ वापरायचं सरकारी लायसन्स दाखवून शिपायाची समजूत काढता काढता कृष्णनला घाम फुटला.

*

आणि मग तो रविवार. रामोजीराव दर वेळी उड्डाण झालं की इंजिन काढून घरी न्यायचे, कपाटावर विश्वास नाही म्हणून. स्क्रू काढून, घालून लाकडाची भोकं पार सैल झाली होती. "सार, आज उडवू नका," कृष्णन म्हणाला. रामोजीरावांना त्यातही डाव दिसला. त्यांनी उडवलं.

विमान सुरेख चढलं. आणि भर आभाळात इंजिन पंख्यासकट सुटलं! विमान हेलकावे खात खाली आलं आणि इंजिन पलीकडच्या काटेरी झुडपांत कुठेतरी गेलं. दुपारपर्यंत आम्ही हातपाय ओरबाडून घेत शोधलं. मिळालं नाही. रामोजीराव रिकामं विमान मांडीवर घेऊन बसले होते. मला खरंच फार वाईट वाटलं.

आम्ही निघालो, तर ते वाटेत आडवे उभे राहिले. "एकेक जण खिसे उलटे करा."

"सार, तुमच्या डोळ्यांदेखत आकाशातून पडलं ते!"

"तेंच सांगतों की! पडताना सगळे वर बगत होते. खाली कोण काय करत होता, कोण बगितला?"

आम्ही खिसे उलटे केले. आणि काय सांगू, कृष्णनचा खिसा रिकामा निघेपर्यंत मीसुद्धा तिकडेच टक लावून बघत होतो!