आमच्या विहिरीचं गोडं पाणी
गॅरेजमध्ये ॲसिडचा वास आला की मला वाडीवरची आमची जुनी बॅटरी आठवते. छपरावरच्या सोलरवर ती दिवसभर भरायची आणि दिवेलागणीलाच मान टाकायची. "शेजारच्यानं वायर टाकलीय," म्हणत बाबा केळींच्या आडून त्याच्या घरातला उजेड निरखायचे. शेवटी मेकॅनिक आला. झाकण उघडून म्हणाला, "यात विहिरीचं पानी कोनी ओतलं? डिस्टिल वॉटरच लागतं हिला." बाबांनी लगेच कुंपणापलीकडे पाहिलं. "त्याचंच काम!" त्या दिवसापासून त्यांनी शेजाऱ्याशी बोलणं तोडलं. आमच्या विहिरीइतकं चांगलं पाणी गावात नाही, हे बाबांचं म्हणणं खरं मानून ते मीच ओतलं होतं. आता घरात पाणी न लागणारी बॅटरी आहे, बाबा नाहीत, आणि शेजाऱ्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.